एका खिडकीवरचे दोन शिक्के

चौदा महिने माझ्या टेबलावर दोन रबरी शिक्के होते. डाव्या हाताला ‘औषध निर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र’ आणि उजव्या हाताला ‘औषध निर्माण अधिकारी, ग्रामीण रुग्णालय’. शाईचा पॅड एकच, औषधे देण्याची खिडकी एकच आणि खिडकीपुढे उभे राहणारे रुग्णही तेच. पण कोणत्या कागदावर कोणता शिक्का उमटवायचा यात चूक झाली, की तो कागद पंधरा दिवसांनी लाल शाईतला शेरा घेऊन परत येत असे. घाटमाथ्यावरच्या आमच्या तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे २०१६ साली ग्रामीण रुग्णालयात श्रेणीवर्धन झाले, त्या वेळी मी तेथे औषध निर्माण अधिकारी होते. मी डॉक्टर नाही आणि मंत्रालयात बसून आराखडे करणारीही नाही. औषधांच्या कोठाराच्या दारातून ही यंत्रणा जेवढी दिसली, तेवढीच येथे लिहीत आहे.

श्रेणीवर्धन म्हटले की गावाला एकच गोष्ट समजते : सहा खाटांच्या जागी तीस खाटा होणार. आमच्याकडेही पेढे वाटले गेले. प्रत्यक्षात त्या दिवशी खाटांच्या संख्येबरोबर दवाखान्याचा धनीही बदलतो, आणि हे रुग्णांना सोडाच, आम्हा कर्मचाऱ्यांनाही नीट उमगलेले नव्हते. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. ग्रामीण भागातील उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र थेट राज्य शासनाचे. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात आरोग्याचे दोन प्रमुख दिसतात. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेच्या इमारतीत बसतात, तर जिल्हा शल्यचिकित्सक सिव्हिलच्या आवारात. लसीकरण, साथरोग, गावोगावचे सर्वेक्षण पहिल्यांकडे. ऑपरेशन, रक्तपेढी, खाटा दुसऱ्यांकडे. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने आपल्या अहवालात प्रतिबंध आणि उपचार ही दोन कामे प्रशासनाच्या प्रत्येक पातळीवर एकत्र असावीत असे सांगितले होते. आमच्या फार्मसीच्या अभ्यासक्रमात भोर समितीवर दोन गुणांचा प्रश्न असे. त्या दोन गुणांचा अर्थ मला नोकरीच्या तेराव्या वर्षी समजला.

धनी दोनच असते तरी निभावले असते. आमच्या त्या एका छपराखाली प्रत्यक्षात किती आस्थापना नांदत होत्या, हे एकदा पगाराच्या दिवशी मी बोटांवर मोजले होते. वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतील, म्हणजे त्यांची नेमणूक व बदली शासन करणार आणि काम मात्र जिल्हा परिषदेत. मी, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि शिपाईमामा जिल्हा परिषदेचे. प्रयोगशाळेतील मुलगा राष्ट्रीय आरोग्य अभियानातला, अकरा महिन्यांच्या करारावर. रुग्णवाहिकेचा चालक ठेकेदाराचा. आशाताई कोणाच्याच आस्थापनेवर नाहीत. त्यांना त्या वेळी कामागणिक मोबदला मिळे. यांपैकी कोणी उशिरा आले तर वैद्यकीय अधिकारी रागावू शकत, पण रागावण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसे काही नव्हते, कारण ज्याच्या रजेवर आपली सही चालत नाही त्याच्यावर आपला हुकूमही चालत नाही. आमच्या डॉक्टर मॅडम मोठ्या कष्टाळू होत्या. केंद्र चालले ते त्यांच्या स्वभावावर. त्यांच्यानंतर आलेले डॉक्टर मवाळ होते आणि वर्षभरात सगळे सैल पडले. माणसाच्या स्वभावावर इतके अवलंबून राहावे लागणे हा व्यवस्थेचा दोष आहे असे मला तेव्हाही वाटे, पण ते म्हणण्याची जागा नव्हती.

इमारत आधी उभी राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्राची बांधकामे जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करतो. ग्रामीण रुग्णालयाची सार्वजनिक बांधकाम विभाग. त्यामुळे आमच्या जुन्या कौलारू इमारतीच्या मागे एक नवी दुमजली इमारत उभी राहिली, तिच्याशी आमच्या कार्यालयाचा कागदोपत्री काही संबंध नव्हता आणि तिच्या किल्ल्याही आमच्याकडे नव्हत्या. इमारतीची मंजुरी वेगळी, पदांच्या निर्मितीची मंजुरी वेगळी, आणि पदे भरण्याची प्रक्रिया त्याहून वेगळी. या तीन गोष्टी तीन ठिकाणांहून तीन वेगांनी येतात. आमच्याकडे भिंती आल्या, पदे आली नाहीत. दोन पावसाळे ती इमारत रिकामी राहिली आणि तिच्या शस्त्रक्रियागृहात वटवाघळांनी मुक्काम केला. पदे मंजूर झाल्यावर वैद्यकीय अधीक्षक आणि तीन अधिपरिचारिका हजर झाल्या, उद्घाटन झाले, आणि औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्यामुळे ‘पुढील आदेशापर्यंत’ रुग्णालयाचे काम मी पाहावे, असे पत्र निघाले. पगार जिल्हा परिषदेतून, काम दोन्हीकडे. दुसरा शिक्का त्याच आठवड्यात तालुक्याच्या बाजारातून करून आणला. त्याचे दीडशे रुपये कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे ते न ठरल्यामुळे माझेच गेले.

मग हस्तांतरण सुरू झाले. जडवस्तू नोंदवही, म्हणजे दवाखान्यातील टिकाऊ सामानाची नोंद, ज्यांनी सांभाळली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १९८० च्या दशकापासूनच्या नोंदी, चार हस्ताक्षरे, काही पाने वाळवीने खाल्लेली. लोखंडी खाटा ६, सलाइन स्टँड ५, प्रसूतीचे टेबल १, ‘ग्रामपंचायतीकडून सप्रेम भेट’ असे पिवळ्या रंगात लिहिलेले गोदरेजचे कपाट १. स्टँड प्रत्यक्षात चारच होते. पाचव्याचा नुसता दांडा होता आणि तो मामांनी परसात वेल चढवायला लावला होता. वस्तू मोडली तरी रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय ती नोंदवहीतून जात नाही, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव आठ वर्षांपूर्वी वर गेला तो परत आलाच नव्हता. रुग्णालयाची बाजू म्हणाली, मोडक्या वस्तू आम्ही घेणार नाही. जिल्हा परिषदेची बाजू म्हणाली, नोंदवहीत आहे ते सगळे द्यावेच लागेल, नाहीतर वसुली लागेल. मी आणि मामांनी दोडक्याचा वेल सोडवून तो दांडा धुतला, पुसला आणि मोजणीच्या रांगेत उभा केला. समितीने त्यावर क्रमांक घातला.

यात हसण्यासारखे पुष्कळ होते, पण त्या मोजणीमागे एक खरा प्रश्न होता. दवाखाना तोच राहणार असेल तर ही देवघेव कशासाठी? उत्तर असे की कायद्याच्या दृष्टीने दवाखाना तोच राहत नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्र बंद होत नाही. ते दुसऱ्या गावी हलते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येला आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक केंद्र असे सूत्र आहे, म्हणून सहा उपकेंद्रे, त्यांवरच्या सेविका, लसींचे फ्रिज, रुग्णवाहिका असा सगळा संसार घेऊन केंद्राने नऊ किलोमीटरवरच्या एका उपकेंद्राच्या दोन खोल्यांत जायचे होते. मागे राहिलेल्या ठिकाणी रुग्णालय व्हायचे होते. म्हणजे गावाला मिळणार होत्या तीस खाटा, आणि जाणार होती ती घरोघर फिरणारी यंत्रणा. पेढे वाटणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नव्हते.

आता औषधांकडे येते, कारण माझा जीव त्यात होता. जिल्ह्यात औषधांची दोन भांडारे असतात. एक जिल्हा परिषदेच्या आवारात, त्यातून प्राथमिक केंद्रांना पुरवठा होतो. दुसरे जिल्हा रुग्णालयात, त्यातून ग्रामीण रुग्णालयांना. आमच्या केंद्राला औषधे येत ती शासनाच्या अनुदानातून, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आणि कधी जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेसमधून, म्हणजे उपकराच्या उत्पन्नातून. गोळी एकच, पण निधीनुसार नोंद वेगळी. सगळा साठा ई-औषधी या संगणक प्रणालीवर चढवायचा. या प्रणालीत औषध एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे पाठवायचे असेल तर घेणारी संस्था यादीत असावी लागते. आमचे नवे रुग्णालय यादीत नव्हते. त्याला संकेतांक मिळाला नव्हता, आणि संकेतांक मिळेपर्यंत दुसऱ्या भांडारातून त्याच्या नावे पुरवठाही निघणार नव्हता.

परिणाम असा झाला की सकाळच्या ओपीडीत रुग्णालयाचे डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि मी केंद्राच्या साठ्यातून गोळ्या देई. त्या मी खर्ची टाकू शकत नव्हते, कारण ते रुग्ण केंद्राचे नव्हते. संगणकावर पॅरासिटामॉल चाळीस हजार शिल्लक दिसत असताना कपाटात सहा हजार उरल्या. जूनमध्ये मागणीपत्र पाठवले तेव्हा ‘पुरेसा साठा शिल्लक’ असे लिहून भांडाराने त्याला कात्री लावली. तेथील सहकाऱ्याला मी दोष देत नाही. त्यांच्या पडद्यावर जे दिसत होते त्यावरून त्यांचा निर्णय बरोबर होता. मी एक साधी वही घातली, तिच्यावर ‘उसनवार’ लिहिले आणि केंद्राने रुग्णालयाला दिलेले प्रत्येक औषध त्यात टिपून डॉक्टरांची सही घेऊ लागले. ती वही कोणत्याही नियमात बसत नव्हती. पुढे सगळ्यांनी पुरावा म्हणून पाहिली ती हीच वही.

३० जूनला कोठाराची अंतिम मोजणी ठरली. ती एका दिवसात संपली नाही, म्हणून तालुक्याहून आलेल्या प्रतिनिधींनी दाराला कागदी पट्टी चिकटवून तीवर सह्या केल्या आणि उरलेले काम पुढच्या आठवड्यावर टाकले. लागणारी औषधे मी आधीच बाहेर काढून ठेवली होती. माझी चूक झाली ती येथे. सर्पदंशावरच्या लसीच्या, ज्याला आम्ही नुसते एएसव्ही म्हणतो, २२ कुप्या होत्या. त्यांपैकी ४ मी तातडीच्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि १८ आत राहू दिल्या. मोजणी दोन दिवसांत होईल असा माझा अंदाज होता. लावणीचा हंगाम तोंडावर आहे हे मला सुचायला हवे होते.

चार जुलैच्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, भाताच्या खाचरातून चाळिशीच्या एका बाईंना बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तेथून जीपने आणले. घोट्यावर दोन खुणा, पाय पोटरीपर्यंत टणक सुजलेला, हिरड्यांतून रक्ताची बारीक रेघ. नवऱ्याने साप मारून पिशवीत आणला होता, घोणस. सिस्टरनी कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन टेबलावर उभे ठेवले. वीस मिनिटे ती नळी हलवायची नसते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आम्ही सारे उभे होतो. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरपी केली आणि रक्त पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नव्हते, म्हणजे विष भिनले होते. पहिला डोस दहा कुप्यांचा. माझ्याकडे ट्रेमध्ये चार.

वैद्यकीय अधीक्षक त्या दिवशी जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. तालुक्याच्या कार्यालयातील साहेबांचा फोन लागला. ते म्हणाले, “मॅडम, सील माझ्या एकट्याच्या सहीचे नाही, मी तोंडी कसे सांगू?” त्यांचेही खरे होते. शेवटी ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, “तुम्ही पंचनामा लिहा, मी सही करतो.” मी, मामा आणि त्या बाईंचे दीर अशा तिघांसमोर मी पट्टी फाडली. वेळ लिहिली : रात्रीचे ८ वाजून ४० मिनिटे. आतून सहा कुप्या काढल्या, पंचनाम्यावर तुकडी क्रमांक आणि मुदत लिहिली, दार पुन्हा लावले. ही लस भुकटीच्या रूपात असते. कुपीत पाणी सोडून ती हलक्या हाताने फिरवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो. दहा कुप्या विरघळवताना माझ्या आणि सिस्टरच्या हातांना कंप होता. डोस सलाइनमधून गेला, रक्तस्राव थांबेपर्यंत थांबून मग १०८ च्या गाडीने त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले. सहाव्या दिवशी त्या घरी परतल्या. पुढच्या दिवाळीत त्यांनी नवीन तांदळाचे पोहे आणून दिले.

पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली : सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय सील तोडल्याबद्दल. डॉक्टरांना मिळाली नाही, कारण ते राज्याच्या आस्थापनेवर आणि नोटीस काढणारे कार्यालय त्यांचे नव्हते. मी पंचनाम्याची प्रत, उसनवार वही आणि रुग्णाच्या केसपेपरची छायाप्रत जोडून खुलासा दिला. तो स्वीकारला गेला, पण एक शेरा आला की ग्रामीण रुग्णालयाने वापरलेल्या १० कुप्या त्यांच्याकडून ‘वस्तुरूपात परत मिळवाव्यात’. म्हणजे शासनाच्या एका खिशातून गेलेली लस शासनाच्या दुसऱ्या खिशातून परत आणायची, आणि ते काम माझे. दोन्ही बाजूंचे पत्रलेखन मीच करत होते. डावा शिक्का मारून मी रुग्णालयाकडे दहा कुप्या मागितल्या. उजवा शिक्का मारून ‘साठा उपलब्ध होताच परत करण्यात येतील’ असे स्वतःलाच कळवले. आवक-जावक क्रमांक दोन्हीकडे पडले.

लसीकरणाचे हाल वेगळे. लसींचे दोन्ही फ्रिज केंद्राबरोबर नऊ किलोमीटरवर गेले, कारण लसीकरण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे. बाळंतपणे मात्र रुग्णालयात होऊ लागली. जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत द्यायची हिपॅटायटिस बीची लस रुग्णालयात ठेवायची कोणत्या फ्रिजमध्ये, हे दोन महिने ठरले नाही. तोपर्यंत आमच्या सेविका रोज सकाळी शीतपेटीत लस घेऊन एसटीने येत. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बायकांना मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपयेही असेच अडकले. नोंदणी आणि तपासण्या केंद्रात, प्रसूती रुग्णालयात. केंद्र म्हणे प्रसूती तुमच्याकडे झाली, तुम्ही द्या. रुग्णालय म्हणे लाभार्थ्यांची यादी तुमच्याकडे, आमच्या खात्यावर तरतूदच आलेली नाही. एक आशाताई एका बाळंतिणीला तिच्या मांडीवरच्या बाळासह तीनदा घेऊन आल्या. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरांनी खिशातून पैसे काढले तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, तुमचे नकोत, हिचे द्या.”

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. जिल्हा परिषदेला शासनाकडून मिळालेला निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्च करता येतो. ग्रामीण रुग्णालयाची देयके कोषागारातून निघतात आणि तेथे ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद मावळते. एकाच आवारात एका कपाटातला पैसा सावकाश आणि दुसऱ्यातला धावत असे. हिशेब तपासणारेही दोन : जिल्हा परिषदेसाठी स्थानिक निधी लेखापरीक्षा, रुग्णालयासाठी महालेखापाल. त्यात रुग्ण कल्याण समितीचे खाते तिसरे. ही कल्पना १९९० च्या दशकात इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात सुरू झाली आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर आली. दवाखान्याच्या हाती थोडा मोकळा पैसा असावा, बल्ब गेला तर जिल्ह्याकडे पाहावे लागू नये, हा तिचा हेतू, आणि मी तिची चाहती आहे. त्या पैशातून आम्ही पाण्याची मोटर एका दिवसात दुरुस्त केलेली आहे. पण केंद्राच्या समितीची शिल्लक रुग्णालयाच्या समितीकडे जाईना, कारण समिती नोंदणीकृत संस्था होती आणि तिच्या अध्यक्षस्थानी आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की पैसा केंद्राचा, तो केंद्राबरोबर जाईल. गेला.

याच काळात एका प्रशिक्षणात मला तमिळनाडूची पद्धत ऐकायला मिळाली. तेथे १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. आम्हाला आधी वाटले की तेथे सगळे दवाखाने एकाच खात्याचे असतील. तसे नाही, प्राथमिक केंद्रे एका संचालनालयाकडे, जिल्हा व तालुका रुग्णालये दुसऱ्याकडे, वैद्यकीय महाविद्यालये तिसऱ्याकडे. तेथेही चुली वेगळ्याच आहेत. पण धान्याचे कोठार एक आहे : महामंडळाची जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत, आणि प्रत्येक संस्थेला एक पासबुक दिलेले असते. त्यात त्या संस्थेच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. औषध घेतले की तेवढी रक्कम वजा. दवाखाना कोणाचा हे गोदाम विचारत नाही, पासबुकात शिल्लक किती एवढेच पाहते. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सारखी ती सीलची पट्टी येत होती. दोन खाती असणे हे आमच्या त्रासाचे मूळ आहे असे मी तोवर धरून चालले होते. त्या दिवसापासून मला वाटू लागले की खाती दोन असली तरी चालेल, पण ज्या वस्तूवाचून रात्रीत माणूस दगावू शकतो ती वस्तू खात्याच्या मालकीची नसावी. जिल्हा परिषदेकडून केंद्रे काढून सारे राज्याकडे द्यावे असे म्हणणारे पुष्कळ सहकारी आहेत. मी त्यांच्यातली नाही. पाणी दूषित झाले तर ग्रामसेवकाला त्याच संध्याकाळी विहिरीत ब्लिचिंग टाकायला लावणे जिल्हा परिषदेच्या केंद्राला जमते. रुग्णालयाच्या अधीक्षकांना ग्रामसेवक ओळखतही नाही.

खरेदीच्या रचनेत पुढे बदल होत गेले. २०१७ पासून राज्याच्या वेगवेगळ्या विभागांची औषधखरेदी राज्य शासनाच्याच हाफकिन या औषध व लसनिर्मिती महामंडळातील कक्षाकडे एकत्र करण्यात आली, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. खरेदी एकत्र आली; जिल्ह्यातली भांडारे मात्र मी पाहिली तोवर दोनच होती. दुसरा एक सांधा अलीकडे उघडा पडला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, आणि दरम्यान राज्यातील बरीच जिल्हा रुग्णालये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली होती. सध्या मी आहे त्या केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलेले एक आजोबा परत येऊन मला म्हणाले, “बाई, तुम्ही फुकट म्हणालात आणि तिथे पैसे घेतले.” इमारत तीच होती, दारावरचा फलक बदलला होता. त्यांना मी विभाग समजावून सांगू लागले आणि अर्ध्यावर थांबले.

आमच्या रुग्णालयाला संकेतांक मिळाला तो नोव्हेंबरात. डिसेंबरात दुसऱ्या भांडारातून पहिला पुरवठा आला आणि त्यातल्या दहा कुप्या मी रीतसर केंद्राला परत केल्या. उसनवार वहीच्या त्या ओळीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. २०१७ च्या जूनमध्ये रुग्णालयाला स्वतःचा औषध निर्माण अधिकारी मिळाला, एक तरुण मुलगा, लातूरकडचा. त्याला मी कोठाराच्या किल्ल्या, दुसरा शिक्का आणि त्या वहीची छायाप्रत दिली. मूळ वही मी देईना, त्यानेही मागितली नाही.

पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला : परत आलेल्या दहा कुप्यांचा तुकडी क्रमांक दिलेल्या कुप्यांशी जुळत नाही, सबब खुलासा करावा. मी लिहिले की दिलेल्या कुप्या रुग्णाच्या शरीरात गेल्या असल्यामुळे त्याच परत मिळणे शक्य नव्हते. मिळालेल्या कुप्यांची मुदत उलट अकरा महिन्यांनी जास्त आहे. सोबत पंचनामा जोडला. २०१९ च्या फेब्रुवारीत तो आक्षेप वगळल्याचे पत्र आले. ते मी डावा शिक्का मारून आवक नोंदवहीत घेतले आणि फाईलला लावले.